मधल्या मॉनिटरवरचा वॉचमन

सोमवारी सकाळी साडेनऊला अजिंक्यने आपल्या लॅपटॉपला दोन मॉनिटर जोडले, आणि पावणेदहाला मधल्या मॉनिटरमध्ये एक माणूस खुर्ची टाकून बसलेला आढळला.

आता हे असं एकदम सांगितलं की ऐकणारा भुवया वर करतो. म्हणून क्रमाने सांगितलेलं बरं. अजिंक्य चाकणच्या एका कंपनीत डिस्पॅच बघायचा. कंपनी गाड्यांचे ब्रॅकेट बनवायची, आणि कुठला टेम्पो किती वाजता गेटबाहेर पडणार हे अजिंक्य ठरवायचा. राहायला निगडी प्राधिकरणात, तळमजल्यावर. बायको पूनम चिंचवडच्या एका दवाखान्यात नर्स. आणि वडील आबाजी. पिंपरीच्या कारखान्यात छत्तीस वर्षं लेथ चालवून निवृत्त झालेले आबाजी महिन्यापूर्वी जिन्यावरून घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. दिवसा त्यांच्याजवळ कुणीतरी हवं होतं. पूनमची रजा संपली होती.

म्हणून अजिंक्य मॅनेजर जयदीप सरांच्या मागे लागला आणि घरून काम करायची परवानगी घेऊन आला. ती फक्त एका आठवड्याची.

"शुक्रवारी अकराला मी ऑनलाइन बसतो," जयदीप सर म्हणाले होते. "घरात बसून टेम्पो वेळेवर काढून दाखव. जमलं तर पुढे बघू. नाहीतर सोमवारपासून चाकण."

अजिंक्य चाकणला गेला म्हणजे आबाजी बार्शीला जाणार, हे ठरलेलं होतं. मोठी बहीण विजयश्री बार्शीला दिलेली. ती तिथे शाळेत विज्ञान शिकवायची आणि वडलांना न्यायला टपलेली होती. आबाजींना बार्शीचं नाव काढलं की घास गिळवत नसे.

"पोरीचं घर चांगलं हाय," ते म्हणत. "पन तिथं मला वळखतं कोन? सकाळी उठून गप बसायचं आन् सांजच्याला गप निजायचं. हितं खिडकीत बसलो तरी धा जन हात करत्यात."

ते खरंच होतं. खिडकीखालून जाणारा दर तिसरा म्हातारा कधी ना कधी त्यांच्या पाळीत काम केलेला.

तर ही परवानगी टिकवायची, म्हणजे घरात ऑफिसचा थाट हवा. एका पडद्यावर मीटिंग, दुसऱ्यावर टेम्पोंचं शीट, तिसऱ्यावर मालाचा साठा. अजिंक्यने काळेवाडीतल्या जुन्या कॉम्प्युटरच्या दुकानातून दोन मॉनिटर आणले. एक बऱ्यापैकी नवा, तो एका वायरीने लगेच पेटला. दुसरा जाडजूड, मागे निळं सॉकेट आणि वायरीला दोन बाजूंनी पिळायचे स्क्रू. त्यासाठी परत काळेवाडीला जाऊन एक जोडणी आणावी लागली. वायर इतकी आखूड, की तो मॉनिटर लॅपटॉपला चिकटूनच ठेवावा लागला. म्हणून डावीकडे लॅपटॉप, मध्ये जुना, उजवीकडे नवा.

टेम्पोंचं शीट त्याने मधल्या पडद्यावर ओढून नेलं. पांढरं शीट पसरलं, आणि रकान्यांच्या मागे करड्या रंगात काहीतरी उमटलेलं दिसलं. अजिंक्यने फडक्याने पुसलं. मग स्वतःचा चष्मा पुसला. मग मागे सरकून बघितलं.

कुठल्याशा कंपनीचं गेट होतं. आडवा दांडा खाली पडलेला. शेजारी टेबल, टेबलावर वही. आणि खुर्चीत, डावीकडे तोंड करून, टोपी घातलेला एक माणूस. मांडीवर काठी आडवी.

दवाखान्यात निघालेल्या पूनमने दारातून वाकून बघितलं. "माणूस बसलाय," ती म्हणाली आणि डबा उचलून गेली. सकाळी आठशे पेशंट बघणाऱ्या बाईला आणखी एकाचं काय.

अजिंक्यने दुकानदार सनीला फोन लावला.

"अरे भावा, त्यात काय घाबरायचं," सनी म्हणाला. "तो सिक्युरिटी केबिनमधला मॉनिटर आहे. चाकण रोडला एक स्प्रिंगची कंपनी बंद पडली, तिथला माल. नऊ वर्षं रात्रंदिवस गेटचा एकच कॅमेरा त्याच्यावर चालू होता. काच भाजली, चित्र छापलं गेलं."

"गेट छापलं जाईल रे. माणूस कसा छापला?"

"नऊ वर्षं हलला नसेल राव. असतात काही काही लोक इमानदार."

"बदलून दे."

"शनिवारी माल येऊ दे, देतो की."

शास्त्रीय कारण मिळालं की माणसाची भीती निम्मी होते. अजिंक्य कामाला लागला. दुपारी जेवून आला आणि शीटकडे बघितलं तर खुर्ची रिकामी.

तो उभाच राहिला. गेट होतं, दांडा होता, वही होती. खुर्चीवर नुसती काठी ठेवलेली. घरात पंख्याचा आवाज येत होता आणि आतल्या खोलीत आबाजींचा रेडिओ. अजिंक्यने घड्याळ बघितलं. एक वाजून दहा मिनिटं. तो तिथून हलला नाही. बरोबर दीड वाजता, त्याची पापणी लवली तेवढ्यात, माणूस खुर्चीत परत आलेला होता. टोपी किंचित तिरकी.

"आबा," अजिंक्य आत जाऊन म्हणाला, "मॉनिटरमधला माणूस मघाशी नव्हता."

"कवा?"

"एक ते दीड."

"जेवायला गेला आसंल," आबाजी म्हणाले आणि रेडिओचा आवाज वाढवला.

मंगळवारी सकाळी जयदीप सरांचा फोन आला. "अजिंक्य, सातचा टेम्पो गेटवर उभा आहे. वीस मिनिटं झाली. दांडा वर जात नाही म्हणतात."

अजिंक्यने मधल्या पडद्यावरचं शीट बघितलं. सातच्या टेम्पोची ओळ नेमकी त्या करड्या दांड्यावर आलेली. त्याने शीट थोडं वर सरकवलं. त्याच क्षणी फोनवर मागून कुणीतरी ओरडल्याचं ऐकू आलं, "गेला, गेला." दांडा वर झाला होता, टेम्पो बाहेर. पण आता दांड्यावर साडेआठच्या टेम्पोची ओळ आली होती, आणि साडेआठचा टेम्पो सुरूच होईना. तो ओळ सरकवून सुटला, तर नऊच्या टेम्पोचा ड्रायव्हर सापडेना. तो नंतर सापडला. गाडीतच बसलेला होता.

माणूस हुशार असला की उपाय शोधतो, आणि अजिंक्य हुशार होता. त्याने ठरवलं, शीट मधल्या पडद्यावर ठेवायचंच नाही, उजवीकडच्या नव्या मॉनिटरवर न्यायचं. त्याने माउसने शीट धरलं आणि ओढलं. पण उजवीकडे जायची वाट त्या दांड्यावरूनच. शीट दांड्यापाशी आलं आणि अडलं. माउस पुढे गेला, शीट मागे राहिलं. खुर्चीतला माणूस उभा होता आणि त्याचा हात पुढे केलेला होता, जसा कागद मागताना करतात.

अजिंक्यने निळी वायरच उपसून काढली. पडदा काळा झाला. त्याने सुटकेचा श्वास घेतला आणि लॅपटॉपवर शीट शोधलं. शीट नव्हतं. खाली पट्टीवर त्याचं नाव दिसत होतं, ते उघडलंय असं लॅपटॉप सांगत होता, पण ते होतं त्या पडद्यावर, जो आता नव्हता. बंद करून उघडलं तरी तिथेच उघडलं. टेम्पोंचं अख्खं शीट गेटच्या आत अडकलं होतं. वायर परत लावण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही. पडदा पेटला तेव्हा माणूस खुर्चीत बसून वहीत काहीतरी लिहीत होता.

बुधवारी त्याने शेवटचा डाव टाकला. सेटिंगमध्ये पडद्यांचे तीन चौकोन दिसतात, एक, दोन, तीन. ते हवे तसे मागेपुढे करता येतात. त्याने दोन नंबरचा चौकोन उचलून पार शेवटी ठेवला. म्हणजे लॅपटॉपला सांगितलं की हा मॉनिटर मध्ये नाहीच, टोकाला आहे. आता शीट डावीकडूनच तीनवर काढता येईल, दांडा वाटेतच येणार नाही. त्याने बटण दाबलं, आणि कधी नव्हे ते त्याला हसू आलं.

हसू तोंडावर होतं तोवरच त्याने मधल्या पडद्याकडे बघितलं. इतके दिवस डावीकडे बघत बसलेला माणूस आता समोर बघत होता. डोळ्यांच्या जागी फक्त दोन ठिपके होते. त्याने खुर्ची फिरवून घेतली होती, कारण गेट फिरलं होतं, आणि गेट जिकडे तिकडे त्याचं तोंड. अजिंक्य उठून दारापर्यंत गेला. ठिपके दारापर्यंत आले.

त्याने चौकोन जागच्या जागी ठेवले आणि आबाजींच्या पलंगापाशी जाऊन बसला.

"आबा, शुक्रवारी काही खरं नाही. टेम्पो अडकणार. मला चाकणला जावं लागणार."

आबाजींनी मान वळवली. पलीकडच्या भिंतीवर विजयश्रीने मागच्या खेपेला आणून ठेवलेली मोकळी बॅग टांगलेली होती. मग त्यांनी वॉकर ओढला.

"दाव मला."

मधल्या मॉनिटरपुढे खुर्ची देऊन अजिंक्यने त्यांना बसवलं. आबाजींनी चष्मा कपाळावर चढवला, खाली घेतला, परत चढवला. लेथवर कामाचा तुकडा बघावा तसं बघत राहिले.

"जेवायला किती वाजता जातो म्हनलास?"

"एकला. दीडला येतो."

"आन् सुट्टी कवा हुती त्याची?"

"होतच नाही. सकाळी बघावं तर बसलेला, संध्याकाळी बघावं तर बसलेला."

"मग," आबाजी म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदा राग आला. "रिलीव्हर आलेला न्हाई त्याचा."

"काय?"

"आरं, कंपनी बंद पडली. सायब घरी गेलं, कामगार घरी गेलं. ह्याला कुनी सांगितलंच न्हाई. दुसऱ्या पाळीचा मानूस येऊन चार्ज घेतल्याबिगर गेट सोडून जाता येत न्हाई. मी एकदा दीड दिस मशिनीवर हुबा व्हतो, बदली आला न्हाई म्हनून. ह्यो नऊ वरीस बसलाय का किती, कुनास ठावं."

"आबा, ते चित्र आहे."

"चित्र आसंल. ड्यूटी तर खरी हाय नव्हं."

शुक्रवार उजाडला. अकराला पाच कमी असताना जयदीप सर लॅपटॉपवर आले. चार टेम्पो सुटायचे होते. चारही चाकणच्या गेटवर रांगेत उभे होते, आणि चारही ओळी मधल्या पडद्यावर दांड्यामागे रांगेत.

"हलत का नाहीत?" सरांनी विचारलं.

"निघतील सर, दोन मिनिटं."

"शीट दाखव मला."

अजिंक्यने शीट दाखवायला बटण दाबलं. सरांच्या पडद्यावर पांढरं काहीतरी आलं आणि गेलं. "हा कोण माणूस बसलाय?" सर म्हणाले.

उत्तर द्यायच्या आधी दारातून वॉकरचा ठक ठक आवाज आला. आबाजी आत आले. अंगात इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, काखेत वही. अजिंक्य म्हणाला, "आबा, आता नको." आबाजींनी ऐकलं नाही. ते मधल्या मॉनिटरपुढच्या खुर्चीत बसले, वही उघडली आणि मोठ्याने म्हणत लिहिलं, "वार शुक्रवार. येळ अकरा वाजून दोन मिंटं. गेट बंद, चार गाड्या हुभ्या, काठी एक, टेबल एक. सगळं बराबर. चार्ज घेतला." खाली सही ठोकली आणि वही पडद्यासमोर धरली.

"जा बाबा," ते म्हणाले. "लई बसलास."

खोली एकदम थंड झाली. पंखा तेवढ्याच वेगाने फिरत होता, पण आवाज येईना. पडद्यातला माणूस वाकून पुढे आला आणि त्याने वहीकडे निरखून बघितलं. वाचायला त्याला वेळ लागला. मग तो उभा राहिला, कंबरेवर हात ठेवून मागे वाकला, आणि ज्यांनी बारा तास खुर्चीवर काढलेत त्यांनाच ठाऊक असलेला तो कडकड आवाज, अजिंक्य शपथेवर सांगतो, त्याला ऐकू आला. त्याने टेबलाखालून डबा उचलला. टोपी काढून टेबलावर ठेवली. आणि चौकटीच्या कडेने, मागे वळून न बघता, बाहेर पडला. बाहेर म्हणजे कुठे, ते विचारू नये. उजवीकडच्या नव्या मॉनिटरवर एक करडी सावली सरकत गेल्यासारखी वाटली, आणि मग साठ्याचे आकडे तेवढे उरले.

"अजिंक्य," जयदीप सरांचा आवाज आला. "तुझ्या शेजारी कोण बसलंय?"

आबाजी कॅमेऱ्यात वाकले. "तुमचं नाव?"

"जयदीप."

"कुठनं आलात?"

"चाकणवरून."

"कुनाला भेटायचंय?"

"अजिंक्यला. रिव्ह्यू आहे."

आबाजींनी लिहून घेतलं. "अकरा सहा. बसा."

जयदीप सर, ज्यांच्यापुढे पुरवठादार उभ्यानेच बोलायचे, ते खुर्चीत सावरून बसले. आबाजींनी चारही टेम्पोंचे नंबर वहीत टिपले, प्रत्येकापुढे खूण केली, आणि मग पेनाने पडद्यावरचा दांडा हळूच टिचकवला. सरांच्या मागून आवाज आला, "गेला. दुसरा गेला. तिसरा." सहा मिनिटांत गेट मोकळं.

सरांनी घड्याळ बघितलं.

"काम चोख आहे," ते म्हणाले. "घरून होतंय, हे मला पटलं."

"थँक्यू सर."

"म्हणूनच सांगतो, तू सोमवारपासून चाकणला ये. घरी एवढा कडक माणूस बसलेला असताना तुझी तिथे गरज काय?"

झालं. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तेच उलटं बसलं. संध्याकाळी विजयश्रीला कळलं, आणि रविवारी सकाळी दहाला ती गाडी घेऊन दारात.

आबाजी मधल्या मॉनिटरपुढेच होते. शुक्रवारपासून ते तिथेच बसत. पडद्यावर आता गेट होतं, दांडा होता, टोपी टेबलावर होती आणि खुर्ची नव्हती. ती पडद्याच्या अलीकडे आली होती, असं पूनम म्हणाली. जास्त काही बोलली नाही, ड्यूटीला गेली.

"आबा, चला," विजयश्री म्हणाली. "औषधं घेतलीत ना?"

"आधी नाव लिव्ह."

"माझं नाव माहीत नाही तुम्हाला?"

"नेम हाय तो. नाव, टाइम, कामाचं कारन."

विजयश्रीने अजिंक्यकडे बघितलं. अजिंक्यने छताकडे बघितलं. तिने लिहिलं. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'वडलांना न्यायला.' आबाजींनी ते दोनदा वाचलं.

"म्हंजी मटेरियल भाईर काढायचंय."

"आबा, तुम्ही काय मटेरियल आहात?"

"छत्तीस वर्सं कंपनी तसंच धरत व्हती. मटेरियल भाईर काढायचं तर गेटपास लागंल."

"मग द्या गेटपास."

"सही करनारा सायब रजेवर हाय."

"कोण साहेब?"

"त्ये मला म्हाईत न्हाई. मी गेटवरचा मानूस."

विजयश्री शिक्षिका होती. पोरांच्या बहाण्यांना ती अशी सहज बधत नसे. तिने भिंतीवरची बॅग काढली, त्यात आबाजींचे कपडे भरले आणि बॅग गाडीत ठेवून म्हणाली, "मी गाडी सावलीत लावते, मग तुम्हाला हात देते." किल्ली फिरवली. गाडी सुरू होईना. बार्शीहून पहाटे एका दमात आलेली गाडी साधा आवाजही करेना. अजिंक्य खिडकीत उभा होता. त्याने खोलीत मागे वळून बघितलं आणि पुन्हा बाहेर बघितलं.

"ताई," तो म्हणाला, "बॅग काढून बघ."

"बॅगेचा काय संबंध?"

"काढून तर बघ."

बॅग खाली ठेवली, गाडी सुरू झाली. बॅग आत ठेवली, बंद पडली. विजयश्रीचे ओठ घट्ट मिटले. विज्ञानाच्या बाई त्या. एका प्रयोगावर विश्वास कसा ठेवतील? तिने नुसते कपडे ठेवून बघितलं. नुसती औषधं ठेवून बघितली. आबाजींची कानटोपी एकटी मागच्या सीटवर ठेवून बघितली. प्रत्येक वेळी तेच. मग तिने मुद्दाम स्वतःची पर्स, पाण्याची बाटली आणि अजिंक्यचे बूट ठेवले. गाडी झटक्यात सुरू झाली.

अर्धा तास ती गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून उभी होती. मग बॅग घेऊन घरात आली, कपडे काढून कपाटात लावले आणि आबाजींच्या समोर येऊन बसली.

"तुम्हाला यायचंच नव्हतं ना?"

"तुजं घर चांगलं हाय गं," आबाजी म्हणाले. डोळे पडद्यावरच होते. "पन पाळी सोडून कसं यावं?"

"दिवसभर एकटे बसणार?"

"एकटा कशापायी? तीनला दुसऱ्या पाळीचा यील."

आणि आला. बरोबर तीनला पलीकडच्या गल्लीतले कोंडाजी, आबाजींच्याच कारखान्यातले निवृत्त वेल्डर, धुतलेला सदरा घालून दारात उभे राहिले. वही वाचली, काठी एक, टेबल एक, टोपी एक मोजून घेतली आणि सही केली. सोमवारी सकाळी आणखी चौघे नावनोंदणीला आले. कुणाचा मुलगा हिंजवडीला, कुणाचा परदेशात, सगळे दिवसभर घरी गप बसणारे. आबाजींनी पाळ्यांचा तक्ता करून मॉनिटरच्या कडेला चिकटवला. वरच्या इंदुताई दुपारी चहा देतात. त्यांनाही आत येताना सही करावी लागते, आणि गेटपास नसल्याने कपबश्या आतच साठतात.

विजयश्री त्या रविवारी चारला निघाली. वहीत 'आउट टाइम' लिहिला. गाडी एका किल्लीत सुरू झाली, आणि वळणावर ती दिसेनाशी झाल्यावर आबाजींनी खिडकीतून वर धरलेला हात सावकाश आडवा खाली आणला.

अजिंक्य रोज तळवडे, महाळुंगे करत चाकणला जातो. टेम्पो वेळेवर सुटतात. शंका असेल त्याने प्राधिकरणात जाऊन स्वतः बघून यावं, दार उघडंच असतं. आत शिरताना नाव, वेळ आणि कारण लिहून घेतात. फक्त कारण विचार करून लिहावं, कारण बाहेर सोडायचा अधिकार असलेले साहेब अजून रजेवरच आहेत.